उखाआप्पांचं गावचं कोर्ट

डिंडोलीत नवा माणूस भेटला की आधी गाव विचारतात. नाव मागाहून, जात त्याच्याही मागाहून, पण सोडत कुणी नाही. उखाआप्पा सोनवणे या सगळ्यांच्या पुढचे होते. त्यांना नुसत्या गावाने भागत नसे. ते लगेच विचारत, "तुमना पंच कोठला?" म्हणजे तुमच्या माणसांत भांडण झालं तर ते मिटवायला कुठल्या गावची मंडळी बसतात.

मी बुलढाण्याकडची. नवरा उधना स्टेशनवर रेल्वेत आणि मी महापालिकेच्या मराठी शाळेत शिक्षिका, म्हणून आम्ही सुरतेत. शेजारी राहायला गेल्यावर आप्पांनी मलाही हाच प्रश्न विचारला. आमच्यात भांडणं होतच नाहीत, असं मी ठसक्यात सांगितलं. त्यावर ते इतके मोठ्याने हसले की पुष्पाबाई, त्यांची बायको, पिठाच्या हातांनी दारात आली. तशीही आप्पांची प्रत्येक गोष्ट मोठ्याने असे. वीस वर्षं कापड विणणाऱ्या लूमच्या खडखडाटात काढलेल्या माणसाला हळू बोलणं जमत नाही. त्यांच्या घरातली गुपितं आमच्या ओट्यावर बसून ऐकू यायची.

पंचांचं हे प्रकरण मला पुढे नीट कळलं. आप्पांच्या भाऊबंदात साखरपुडा असो, शेताची वाटणी असो की बैल अर्धलीने, म्हणजे निम्म्या वाट्याने, द्यायचा असो, बोलणं पक्कं करताना आधी पंच ठरतात. भांडण नसतानाच. एकदा भांडण लागलं की जो तो आपल्याला धार्जिणा पंच शोधतो, म्हणून सगळे हसतखेळत बसलेले असतानाच गाव आणि माणसं ठरवून टाकायची. दोघांनी मानलं की तो पंच. मानलं नाही तर तो नुसता म्हातारा. मला ही रीत फार शहाणपणाची वाटली, अजूनही वाटते. तिच्याच पायी हा भला माणूस खड्ड्यात गेला, याचा मला राग आहे आणि तो कुणावर काढावा हे कळत नाही.

आप्पा मिसरूड फुटायच्या वयात खानदेशातून सुरतेला आले. उधन्याच्या एका खोलीत दहाबारा जण पाळीपाळीने झोपायचे, दिवसपाळीवाला उठला की त्याच्याच गोधडीत रातपाळीवाला शिरायचा. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्याचे लूम चालवले. इच्छा एकच होती. मरायच्या आत स्वतःचे लूम घालायचे आणि पाळीच्या भोंग्याला जुमानायचं नाही. डिंडोलीत त्यांनी पत्र्याचं का होईना, घर बांधलं, पण त्याला ते कधी घर म्हणत नसत. ती 'खोली'. घर म्हणजे गावाकडचं, ज्यात त्यांचा भाऊ राहत होता आणि आप्पांच्या वाट्याला वर्षातून आठवडाभर एक खाट येत होती. रेशनकार्ड सुरतेचं, मतदान सुरतेला, मुलीचं लग्न डिंडोलीच्या मैदानावर मांडव घालून. तरी कुणी "सुरतवाले" म्हटलं की यांच्या कपाळाला आठी.

वाल्मिक त्यांच्याच गावचा, वयाने बराच लहान. त्याला सुरतेला आणला आप्पांनी. तुटलेला धागा चालत्या लूमवर कसा जोडायचा हे शिकवलं आप्पांनी, आणि लग्न होईपर्यंत तो जेवला पुष्पाबाईच्या हातचं. पोरगा चलाख होता. वर्षभरात गुजराती असा बोलायला लागला की शेठ त्याला 'वाल्मिकभाई' म्हणू लागले. आप्पांना याचं कौतुकच होतं. स्वतःला जे आलं नाही ते आपल्या माणसाला आलं, यात त्यांना समाधान वाटे.

एक्क्याण्णव साली एका शेठने नव्या मशिनी आणल्या आणि जुने आठ लूम विकायला काढले. आप्पांनी गावच्या जमिनीतला आपला हिस्सा भावाला विकला, पुष्पाबाईच्या पाटल्या मोडल्या. वाल्मिकने सासऱ्याकडून मदत आणली. चार लूम याचे, चार त्याचे, धंदा एकत्र. भेस्तानकडे भाड्याने शेड घेतली. शेडमालकाशी आणि वीजवाल्यांशी बोलायचं काम वाल्मिकचं, म्हणून भाडेचिठ्ठी आणि मीटर दोन्ही वाल्मिकच्या नावावर. यात कुणालाच काही वावगं दिसलं नाही.

मग स्टँपपेपर. हा प्रसंग मला दोघांनीही वेगवेगळा सांगितलेला आहे आणि दोघांच्या सांगण्यात तेव्हा फरक नव्हता. सुरतेच्या कोर्टाबाहेर झाडाखाली टाइपरायटर घेऊन बसणारा एक गुजराती म्हातारा होता. त्याच्याकडे भागीदारीचा मजकूर तयारच असायचा, नावं तेवढी भरायची. शेवटचं कलम वाचून दाखवताना तो म्हणाला, वाद झाल्यास सुरतचं कोर्ट. आप्पांनी त्याला तिथेच थांबवलं. सुरतचं का? आम्ही दोघं एका गावचे, आमचं तालुक्याचं कोर्ट लिहा. आणि 'फक्त' असं घाला.

म्हाताऱ्याने चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाला, "काका, कोर्ट कंई बोलाव्याथी नहीं आवे." बोलावलं म्हणून कोर्ट येत नसतं. आप्पांनी खिशातून सुताच्या व्यापाऱ्याचं बिल काढून त्याच्यासमोर धरलं. खाली छापलेलं होतं, सुरत न्यायक्षेत्र. मुंबईहून येणाऱ्या बिलावर मुंबई न्यायक्षेत्र असतं, हेही त्यांनी सांगितलं. शेठ लोक आपापलं कोर्ट छापून घेतात ते चालतं, मग आमचंच का चालत नाही? आता हा प्रश्न काही वेडगळ नव्हता. म्हाताऱ्याने खांदे उडवले आणि सांगितलं तसं टाइप केलं. त्याला पानाप्रमाणे पैसे मिळत होते.

वाल्मिकने हरकत घेतली नाही, उलट तो खूश झाला. गावाला जायला एक निमित्त झालं, म्हणाला. आप्पांनी मात्र मला खरं कारण सांगितलं होतं. "बाई, सुरतमा खोटं बोलाले काय लागस? बाप कोनले माहीत शे? गावमा तोंड उघडं का आजानं नाव निंघस." सुरतेत कुणी कुणाच्या बापाला ओळखत नाही, तिथे खोटं बोलायला काही लागत नाही. गावात तोंड उघडलं की आजोबाचं नाव निघतं. न्याय तिथेच होणार, जिथे माणसाला लाज वाटते.

तीन वर्षं लूम चांगले चालले. आप्पा सकाळी शेडवर पोचले की आधी प्रत्येक लूमच्या लाकडी फळीवर हात ठेवत, मग बटण दाबत. पुष्पाबाई डब्याबरोबर घरी गाळून घेतलेल्या तेलाची बाटलीही द्यायची, कारण बाजारचं तेल त्यांना लूमला घालवत नसे. आम्ही त्यांना चिडवायचो की तुमच्या मुलीपेक्षा लूमचे लाड जास्त आहेत. ते मान्य करायचे. मुलगी परक्या घरची, म्हणायचे.

चौऱ्याण्णवच्या सप्टेंबरात सुरतेत प्लेगची बातमी आली. त्या दिवसांबद्दल पुष्कळ सांगण्यासारखं आहे, पण ज्यांनी ते पाहिले त्यांना पुन्हा आठवायला आवडत नाही. उधना स्टेशनवर माणसं खिडकीतून आत ढकलली जात होती. माझा नवरा ड्यूटीवर, त्यामुळे आम्हाला हलता आलं नाही. पुष्पाबाईला तेव्हा साधाच ताप होता, पण त्या आठवड्यात साधा ताप कुणाला साधा वाटणार? आप्पांनी तिला पाठीवर घेऊन पॅसेंजरमध्ये चढवलं आणि गाव गाठलं. वाल्मिक राहिला. तोंडाला फडकं बांधून, महापालिकेच्या गोळ्या खाऊन, ज्यांना जायला गाव नव्हतं अशा दोन परप्रांतीय कारागिरांना घेऊन त्याने आठही लूम चालू ठेवले. हे मी मुद्दाम सांगते. त्याने केलं ते सोपं नव्हतं. शेजारच्या शेडमधला एक माणूस त्याच आठवड्यात गेला होता.

महिनाभरात सुरत ताळ्यावर आली. माणसं परतली. आप्पा मात्र दिवाळी झाली तरी आले नाहीत. पुष्पाबाई बरी झाली होती, पण गावात पाऊस चांगला झालेला, ज्वारी डोलत होती, इतक्या वर्षांनी लागोपाठ दोन महिने त्यांना ती खाट मिळाली होती. वाल्मिक तिकडे आहेच, असं ते सगळ्यांना सांगत.

ते आले तेव्हा शेडला वेगळं कुलूप होतं. आतून लूमचा आवाज येत होता. वाल्मिक दारात आला आणि त्याने आप्पांना आत घेतलं नाही. त्याचं म्हणणं त्याने एका दमात सांगितलं, बहुतेक पाठ करून ठेवलं असावं. "आप्पा, मी आठे तोंडले फडकं बांधीसन लूम चालाडात. तुम्ही तठे दिवाई करी. मरानी पाळी मन्ही आणि हिस्सा दोन्हीसना?" इथे तोंडाला फडकं बांधून लूम मी चालवले, तिकडे दिवाळी तुम्ही केली, मरायची पाळी माझी आणि हिस्सा दोघांचा? शेड माझ्या नावावर, मीटर माझ्या नावावर, लूम आता माझे, तुम्हाला काय म्हणायचं ते कागदावर म्हणा.

आप्पा शेडसमोर बराच वेळ उभे राहिले असं म्हणतात. मी पाहिलं नाही. मी त्यांना संध्याकाळी पाहिलं, तेव्हा ते पहिल्यांदाच हळू आवाजात बोलत होते.

खरं तर प्रकरण सरळ होतं. कागद होता, सह्या होत्या, लूम विकणारा शेठ साक्ष द्यायला तयार होता. माझ्या नवऱ्याच्या ओळखीचे एक गुजराती वकील होते, मराठी चांगलं बोलणारे. त्यांनी कागद वाचला, शेवटच्या कलमावर बोट ठेवलं आणि म्हणाले की ही ओळ विसरून जा. दावा इथेच सुरतेला लावू, पुढच्या आठवड्यात मनाई हुकूम मागू. या ओळीला कोर्ट भीक घालणार नाही.

आप्पा ऐकेनात. मी डोकं आपटलं, नवऱ्याने समजावलं, वकिलांनी फी नंतर द्या म्हणून सांगितलं. आप्पांचं एकच. "कागद आमीन दोन्हीसनी लिखेल शे. त्यामानी एक ओळ मीच मोडी, ते बाकीन्या ओळी त्याले कोणता तोंडघाई दाखाडू?" कागद दोघांनी लिहिला, त्यातली एक ओळ मीच मोडली तर उरलेल्या ओळी पाळ म्हणून मी वाल्मिकला कुठल्या तोंडाने सांगू? यावर वकील माझ्याकडे बघून हसले. ते हसणं कौतुकाचं होतं की किवेचं, ते मला तेव्हा कळलं नाही. मला फक्त आप्पांचा संताप आला होता.

पंच्याण्णवच्या सुरुवातीला दावा त्यांच्या तालुक्याच्या कोर्टात लागला. तिथल्या वकिलाने पहिल्याच तारखेला हुकूम मिळवला की निकाल लागेपर्यंत लूम विकायचे नाहीत. आप्पांनी आख्ख्या गल्लीत पेढे वाटले आणि मला दोन दिले, एक पेढा आणि एक टोमणा. बघा बाई, कोर्ट आलं की नाही बोलावल्यावर?

लूम विकायचे नव्हते, पण चालवायला वाल्मिकला कुणी अडवलं नव्हतं. तो ते चालवत राहिला. आप्पा पन्नाशीला टेकलेले, पुन्हा दुसऱ्याच्या शेडमध्ये पाळीला जाऊ लागले. महिन्या-दीड महिन्याने तारीख पडायची. पुष्पाबाई भाकरी आणि ठेचा बांधून द्यायची, आप्पा उधन्याहून पॅसेंजर धरायचे, नंदुरबारच्या पुढे उतरायचे, आणि बहुतेक वेळा वाल्मिक येत नसे, त्याचा वकील मुदत मागत असे. तारखेसाठी गेलेल्या पाळीचा रोज बुडायचा. तरी परत येताना आप्पांचा चेहरा उजळलेला असायचा. कोर्टाच्या आवारात कुणीतरी ओळखीचं भेटायचं, कुणाचं तरी बारसं, कुणाची तरी विहीर. ते भांडायला जात होते की माहेरी, हा प्रश्न पुष्पाबाईनेच मला एकदा विचारला होता, आणि तिच्या बोलण्यात गंमत नव्हती.

असं दोनेक वर्षं चाललं. मग वाल्मिकने सुरतेचा वकील केला आणि त्या वकिलाने पहिली हरकत तीच घेतली. या कोर्टाला हा दावा चालवायचा अधिकारच नाही. आधी याचा निकाल करा.

आता आप्पांच्या तालुक्याच्या वकिलाला घाम फुटला. त्याने आप्पांना बसवून जे सांगितलं ते आप्पांनी मला सांगितलं, आणि मी ते दोनदा विचारून घेतलं. दोन कोर्टांना अधिकार असेल तर त्यातलं एक निवडून कागदावर लिहिता येतं. शेठ लोक तेच करतात. पण ज्या कोर्टाशी व्यवहाराचा काही संबंध नाही, त्याला दोन माणसं नुसती सही करून अधिकार देऊ शकत नाहीत. तो अधिकार कायद्यातून येतो, तुमच्या मानण्यातून नाही. तुमचा कागद सुरतेला झाला, लूम सुरतेला, वाल्मिक सुरतेला राहतो. म्हणजे निदान एखादी गोष्ट तरी इथे घडलेली पाहिजे.

आणि ती गोष्ट वकिलाने तयारही ठेवली होती. भागीदारी झाली त्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तुम्ही दोघं गावी आला होता. मारुतीच्या पारावर भागीदारीचं बोलणं पक्कं झालं, हातावर हात मारला. सुरतेला फक्त टाइप केलं. एवढं पिंजऱ्यात उभं राहून सांगा, बाकी मी पाहतो.

आखाजीला दोघं गावी आले होते हे खरं होतं. पारावर बसले होते हेही खरं. भागीदारीचा शब्द मात्र तिथे निघाला नव्हता, कारण लूम विकायला निघाल्याची बातमीच दोघांना नंतर लागली.

पुष्पाबाई त्या आठवड्यात रोज माझ्याकडे यायची. तिचं म्हणणं एवढंच की मी आप्पांबरोबर जावं. घरचं कुणी सांगितलं तर ते ऐकत नाहीत, बाईंसमोर नीट बोलतील. नीट म्हणजे कसं ते तिने सांगितलं नाही. मी शाळेत रोज फळ्यावर सुविचार लिहिणारी बाई, पण मला मनापासून वाटत होतं की त्यांनी ते बोलावं. एवढ्याशा वाक्याने कुणाचं काय जाणार होतं? वाल्मिकने आप्पांचे चार लूम गिळले होते. मी रजा टाकली आणि गेले.

कोर्ट लहान होतं, पंखा डुगडुगत होता. आप्पांच्या दाव्याची तालुक्यात चर्चा झालेली, त्यामुळे गावातली बरीच माणसं आली होती. मागच्या बाकावर धुडकूबाबा बसले होते. आप्पांच्या गावचे सगळ्यात जुने पंच, काठी दोन गुडघ्यांत धरून. त्यांना काही विचारायचं नव्हतं, ते नुसते आले होते. वाल्मिकही आला होता, आणि गावच्या माणसांकडे पाठ होईल अशा बेताने भिंतीशी उभा होता.

वाल्मिकच्या वकिलाने फार फाटे फोडले नाहीत. भागीदारीचं बोलणं कुठे ठरलं, एवढंच त्याने विचारलं.

आमचा वकील कागद चाळत होता, पण पान उलटत नव्हता. मी पुढच्या बाकावर होते, मला आप्पांचा चेहरा सरळ दिसत होता. ते वकिलाकडे पाहत नव्हते, वाल्मिककडेही नाही. ते मागच्या बाकाकडे पाहत होते. तिथे सगळी त्यांच्या बापाला ओळखणारी माणसं होती. पारावर त्या आखाजीला कोण कोण बसलं होतं आणि काय बोलणं झालं होतं, हे त्यातल्या निम्म्यांना ठाऊक असणार. बोलणं पारावर ठरलं असं आप्पा म्हणाले असते तरी कुणी उठून त्यांना खोटं ठरवलं नसतं, मला खात्री आहे. ते आप्पांच्याच बाजूचे होते.

"सुरतले," आप्पा म्हणाले. मग कुणी विचारलं नसताना पुढे म्हणाले, "चहानी टपरीवर. पाळी सुटेल व्हती."

आमच्या वकिलाने डोळे मिटले. समोरचा वकील बसून घेणार होता, तेवढ्यात न्यायाधीशांनीच आप्पांना प्रश्न केला. तरुण माणूस होता, बोलणं सभ्य. सगळं सुरतेला झालं, मग कागदावर हे कोर्ट का घातलं?

"साहेब, आम्ही आठला शेतस, म्हनीसन."

"बाबा, तुम्ही इथले असाल," न्यायाधीश म्हणाले. "तुमचं भांडण इथलं नाही."

हे ते तोडून बोलले नाहीत. उलट इतक्या हळुवारपणे बोलले की मला त्यांचाही राग धरता येईना. निकाल पुढच्या तारखेला आला, पण सगळ्यांना तो तेव्हाच समजला होता. दावा परत घ्या, योग्य त्या कोर्टात लावा. लूम विकू नयेत हा हुकूम त्याबरोबरच संपला.

बाहेर आल्यावर आप्पा धुडकूबाबांपाशी गेले. कोर्ट नाही तर नाही, पंच तर आहेत. उद्या बैठक बोलवा, वाल्मिक इथेच आहे, तुमच्यासमोर नाही म्हणायची त्याची छाती नाही. बाबांनी आप्पांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते वयामुळेही असेल.

"बेटा, मी लूम देखेल नही," ते म्हणाले. "बैल देखेल शेत. तुमन्हं तठलं माले काय कयस?" तुमच्या तिथलं मला काय कळतंय.

गाडीत आप्पा खिडकीशी बसले. मला त्यांना खडसवायचं होतं. एक वाक्य होतं, आप्पा, एकच वाक्य. आठ दिवस पुष्पाबाई रडत होती त्या वाक्यासाठी. पण मी तोंड उघडलं नाही, कारण ज्या लाजेवर भरवसा ठेवून त्यांनी ते कोर्ट मागितलं होतं, ती लाज वाल्मिकला नाही, त्यांनाच वाटली होती. एवढा चोख न्याय मी दुसरा पाहिलेला नाही, आणि इतका अन्यायाचाही.

सुरतेच्या वकिलांनी अजूनही तयारी दाखवली. परत मिळालेला दावा आणि नकला हातात आल्या की लगेच इथे लावू, पुन्हा मनाई मागू. पण तालुक्याहून त्या नकला निघायला वेळ लागत होता. कारकून रजेवर, मग शिक्का नाही, मग सलग सुट्ट्या. वाल्मिकला कशाचीच वाट पाहायची नव्हती. त्याने गिऱ्हाईक आधीच पाहून ठेवलं होतं.

एका सकाळी पुष्पाबाई धावत आली. शेडसमोर ट्रक लागला आहे, आप्पा पाळी सोडून तिकडे गेलेत, काही भलतंसलतं करतील. आम्ही दोघी रिक्षाने भेस्तानला गेलो. वाटेत ती देवांची नावं घेत होती आणि मी कुठला पोलीस आपलं ऐकेल याचा विचार करत होते.

आम्ही पोचलो तेव्हा चार लूम ट्रकात चढले होते. हमाल पाचवा उचलत होते. वाल्मिक शेडच्या आत, अंधारात उभा होता, बाहेर आला नाही. आणि आप्पा भांडत नव्हते. ते ट्रकाच्या फळीवर चढून हमालांना ओरडून सांगत होते की बाजूच्या चौकटीला धरू नका, बिडाचं ओतीव लोखंड आहे, तडकेल, खालून धरा, दोन माणसं इकडे या. हमालांना तो आवाज मालकाचा वाटला असणार. ते निमूट ऐकत होते. सहावा चढवताना आप्पांनी स्वतः खांदा लावला. सातव्याला त्यांनी गोणपाटाच्या घड्या लावल्या, म्हणजे रस्त्यात घासणार नाही. त्यांचे हात काळे झाले होते आणि श्वास लागला होता. पुष्पाबाई रिक्षातून उतरलीच नाही. तोंडात पदर कोंबून ती रडत होती आणि मीही रडत होते, मला त्याची लाज वाटत नाही.

आठवा लूम चढला, दोर आवळला गेला. ड्रायव्हर मालेगावचा होता, मुसलमान, पांढरी दाढी, स्वभावाने गप्पिष्ट. माल कुठे चालला आहे हे त्यानेच सांगितलं. मालेगावला एका नव्या शेडमध्ये. म्हणजे लूम निघाले होते महाराष्ट्रात, आप्पांच्या गावाजवळून जाणाऱ्याच रस्त्याने. त्याने आप्पांना बिडी देऊ केली, मदतीबद्दल आभार मानले आणि त्यांच्या बोलण्याकडे कान देऊन आपुलकीने म्हणाला, "चाचा, बोली तो अपने तरफ की लगती है. गाँव कौन सा?"

आप्पांनी बिडी घेतली. ट्रकाच्या फळीवर, आतल्या लूमच्या लाकडाला लागेल असा, त्यांचा काळा पंजा टेकलेला होता. तो त्यांनी काढून घेतला.

"नहीं," ते म्हणाले. "मैं इधर का हूँ. सुरत का."